लेथवरील आउट आणि डायलची साक्ष



सायकलच्या दुकानांत चाकाचा आउट काढतांना आपण पाहिलें असेलच. दुकानदार सायकल उलटी करून ठेवतो, चाकाला एक झटका देतो, आणि हात चिमट्याला टेकवून अंगठ्याचें नख रिमच्या अगदीं जवळ धरतो. चाक नीट असेल तर नख आणि रिम यांमधील फट सर्वत्र सारखी राहते. नीट नसेल तर प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणीं रिम नखाला घासून जाते. तो 'खर्र' असा आवाज ऐकून दुकानदार नेमका तेथलाच आरा आवळतो किंवा सैल करतो. चाक फिरतें आहे, नख स्थिर आहे, आणि फिरणाऱ्या वस्तूचा दोष स्थिर वस्तूच्या साक्षीनें ओळखला जात आहे. माझ्या आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. फक्त सायकलच्या चाकाऐवजीं लेथवर फिरणारा लोखंडाचा तुकडा आणि नखाऐवजीं डायल नांवाचें लहानसें उपकरण घ्यावयाचें आहे.

ज्यांनीं लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. आपल्याकडे कातारी लांकडाचीं खेळणीं आणि पाळण्याचे खांब कांततो. लोखंड कांतणाऱ्या लेथाचें तत्त्व तेंच. पदार्थ फिरतो, हत्यार त्याला टेंकून हळूहळू सरकतें, आणि जें उरतें तें गोल होतें. लेथाच्या डाव्या अंगाला हेडस्टॉक असतो, त्यांत स्पिंडल नांवाचा जाड, पोकळ दंड बेअरिंगांवर फिरतो. स्पिंडलच्या नाकाडावर चक बसवितात, चकाचे जॉ पदार्थाला पकडून धरतात. त्या पदार्थाला कारखान्यांत जॉब म्हणतात. मीहि तसेंच म्हणेन. स्पिंडल ज्या कल्पित रेषेभोंवतीं फिरतो ती त्याची अक्षरेषा. जॉबाचा मध्य त्या रेषेवर नसला म्हणजे जॉब फिरतांना एका बाजूनें पुढें येतो, दुसऱ्या बाजूनें मागें जातो. सायकलवाल्याप्रमाणेंच टर्नरहि म्हणतो, "जॉब आउट आहे."

फरक आहे तो प्रमाणाचा. सायकलवाल्याच्या नखाला अर्ध्या मिलिमीटरचा दोष कळला तरी पुरे. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारणपणें ०.०५ ते ०.१० मिलिमीटर जाड असतो, आणि लेथवर कित्येकदां केसाच्या चतुर्थांशाहून कमी आउटाचा प्रश्न असतो. तेथें नखाचें किंवा डोळ्याचें काम नाहीं. जुने टर्नर खडूचा तुकडा फिरत्या जॉबाजवळ नेत. जेथें खडूची रेघ उमटली ती उंच बाजू. जॉब ढोबळमानानें मध्यावर आणण्यास ही रीत आजहि उत्तम आहे. पण खडू दोष कोठें आहे हें सांगतो, किती आहे हें सांगत नाहीं.

एवढ्या सूक्ष्म फरकाची एवढी काळजी कशासाठीं, असें कोणी विचारील. विहिरीवरचा विजेचा पंप घ्या. पुष्कळ लहान पंप मिनिटाला सुमारें २,८८० फेरे करतात, म्हणजे सेकंदाला ४८. अशा पंपाच्या शाफ्टावरील फिरत्या भागाचें वजन ५ किलो आहे, आणि त्याचा मध्य अक्षरेषेपासून अवघा ०.१ मिलिमीटर बाजूला गेला आहे असें धरा. हिशेब केला तर तो भाग शाफ्टाला सुमारें साडेचार किलो वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला ४८ वेळां चहूं दिशांनीं फिरून येते. प्रथम सील गळूं लागतें, मग बेअरिंग कुरकुरतें, आणि उसाला पाणी देण्याची पाळी आलेली असतांनाच एके दिवशीं पंप बंद पडतो. शेतकरी पंपवाल्याला दोष देतो, पंपवाला विजेला देतो. शाफ्ट कसा कांतला गेला याची आठवण कोणालाच होत नाहीं.

आतां डायलकडे वळूं. रेडिओवरून चित्र दाखवितां येत नाहीं, तेव्हां खिशांतलें जुनें घड्याळ डोळ्यांपुढें आणा. डायल तशीच दिसते, आणि हें साम्य वरवरचें नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वॉल्थम येथल्या जॉन लोगन याला १८८३ सालीं अशा मापकाचें पेटंट मिळालें. वॉल्थम हें घड्याळांच्या कारखान्यासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. बारीक दांत्यांचीं चक्रें, केसासारखी स्प्रिंग आणि रेघा आंखलेली तबकडी करणारे हात तेथें आधींपासून तयार होते.

घड्याळाला खालून एक दांडी फुटली आहे अशी कल्पना करा. दांडीचें टोंक जॉबाला टेंकतें. टोंक आंत ढकललें गेलें कीं दांडीच्या अंगावरचे दांते एका लहान चक्राला फिरवितात, तें दुसऱ्याला, आणि शेवटीं कांटा फिरतो. सामान्य डायलींत दांडी १ मिलिमीटर आंत गेली म्हणजे मोठा कांटा पूर्ण एक फेरा करतो. तबकडीवर १०० घरें असतात. म्हणून एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर, एक शतांश. तबकडीवरच्या रेघांचा घेर दीडशें मिलिमीटरच्या आसपास असला तर जॉबाची हालचाल दीडशेंपट मोठी होऊन आपणांस दिसते. मोठ्या कांट्याचे फेरे मोजावयास आंत एक लहान कांटा असतो. आणि ती केसासारखी स्प्रिंग कशासाठीं? तर चक्रांच्या दांत्यांमधील ढिलाई नेहमीं एकाच बाजूला दाबून ठेवण्यासाठीं. म्हणजे कांटा जातांना आणि परततांना एकच वाट धरतो. जुन्या कारखान्यांत इंची डायलहि भेटतात. त्यांचें घर बहुधा एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अलीकडे कांट्याऐवजीं आंकडे दाखविणाऱ्या डायलीहि मिळतात. आउट पाहावयाचा असेल तर मला कांट्याचीच बरी वाटते; कांट्याचें डोलणें डोळ्याला उमगतें, आंकडे नुसते लुकलुकत राहतात.

डायल लावणें हें काम सोपें दिसतें, पण बहुतेक चुका येथेंच होतात. स्टँडाचें लोहचुंबकी बूड लेथाच्या बेडवर किंवा कॅरेजवर बसवावयाचें, तें प्रथम दोन्ही बाजूंनीं पुसून. स्टँडाच्या दांड्या होतां होईल तों आंखूड ठेवावयाच्या; लांब दांडी वेळूसारखी लवते. डायलची दांडी जॉबाच्या मध्याच्या उंचीवर, पृष्ठभागाशीं काटकोनांत आणि अक्षरेषेच्या दिशेनें रोखलेली हवी. ती तिरपी लागली तर कांटा खऱ्यापेक्षां जास्त दाखवितो. ३० अंशांचा तिरकसपणा असेल तर १०० घरांच्या वाचनांतील खरीं घरें सुमारें ८७ च असतात. टोंक जॉबाला टेंकल्यावर आणखी अर्धा फेरा दाबून ठेवावें, नाहींतर जॉबाची खोल बाजू आली कीं टोंक हवेंत लटकतें आणि कांटा उगाच स्वस्थ बसून आपणांस फसवितो. मग बोटानें स्टँडाला हलकेंच ढकलून सोडावें. कांटा पूर्वीच्या घरावर परत आला नाहीं तर कोठेंतरी स्क्रू ढिला आहे. पुढचें सारें व्यर्थ.

एवढें झाल्यावर तबकडीची कडा फिरवून शून्य कांट्याखालीं आणावयाचें आणि जॉब हातानें, सावकाश, पूर्ण एक फेरा फिरवावयाचा. मी 'हातानें' म्हणालों तें मुद्दाम. लेथाची वीज बंद, गिअर न्यूट्रलमध्यें, आणि चकाची चावी चकांत विसरलेली नाहीं ना, हें पाहून. कांट्याचें सर्वांत मोठें आणि सर्वांत लहान वाचन यांतील अंतर म्हणजे त्या जागचा आउट. फेरा पुरा होतांच कांटा पुन्हां शून्यावर यावयास हवा. न आला तर वाचनावर विश्वास ठेवूं नये.

येथें नवशिका कारागीर हमखास अडतो, म्हणून थोडा वेळ थांबतों. समजा, चार जॉंच्या चकांत जॉब धरला आहे. या चकाचे जॉ एकेक स्वतंत्रपणें सरकतात. डायलवर एका जॉसमोर ० आणि समोरासमोरच्या दुसऱ्या जॉपाशीं २४ घरें आलीं. आउट २४ घरांचा, ०.२४ मिलिमीटर. मग जॉब किती सरकवावयाचा? शिकाऊ मुलगा म्हणतो, २४ घरें. तो २४ घरें सरकवितो, आणि डायल पुन्हां २४ च दाखविते, पण उलट बाजूला! बिचारा पुन्हां २४ घरें परत आणतो. असें करतां करतां मीं एका मुलाला पाऊण तास घाम गाळतांना पाहिलें आहे. जॉबाचा मध्य अक्षरेषेपासून १२ घरेंच दूर आहे. जॉब फिरतो तेव्हां तो मध्य एकदां १२ घरें पुढें येतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर १२ घरें मागें जातो. डायल दोहोंची बेरीज दाखविते. म्हणून खोल बाजूचा जॉ सैल करावयाचा, उंच बाजूचा आवळावयाचा, आणि कांटा २४ वरून १२ वर आला कीं थांबावयाचें. तबकडीचें शून्य तेथेंच आणावें, आणि उरलेली जोडी पाहावी. चांगला टर्नर हें पांच मिनिटांत करतो, आणि करतांना गप्पाहि मारतो.

आणखी एक गोष्ट पाहावयाची ती कांट्याच्या डोलण्याची चाल. एका फेऱ्यांत कांटा एकदां वर आणि एकदां खालीं गेला तर जॉब मध्यापासून सरकलेला आहे. दोनदां वर, दोनदां खालीं गेला तर जॉब लंबगोल आहे; त्याला कितीहि सरकविलें तरी डोलणें थांबणार नाहीं. तीनदां गेला तर तीन जॉंच्या चकाची आठवण करावी. पातळ कडें तीन जॉंत जोरानें आवळून आंतून कांतलें म्हणजे पकडींत असेपर्यंत तें अगदीं गोल असतें. डायल शून्य दाखविते, टर्नर खूष होतो. जॉ सोडतांच कडें आपल्या मूळ आकाराकडे परततें आणि आंतील भोंक तीन उंचवट्यांचें होतें. गंमत अशी कीं, साध्या दोन टोंकांच्या मापकानें तें कोठूनहि मोजलें तरी व्यास जवळजवळ सारखाच भरतो.

आउट नेहमींच वाईट असतो असें मात्र नाहीं, आणि डायलच्या नादीं लागलेल्या मंडळींना हें सांगावें लागतें. ओबडधोबड सळई तीन जॉंत धरली, आणि तिचे सर्व व्यास एकाच पकडींत, न सोडतां, कांतून घेतले, तर सळई आरंभीं किती आउट होती याला कांहीं महत्त्व उरत नाहीं. हत्यार जें कांपतें तें स्पिंडलच्या अक्षरेषेभोंवतींच कांपतें; नवे व्यास एकमेकांशीं बरोबर जुळलेलेच निघतात. अशा सळईला डायल लावून अर्धा तास घालविणें म्हणजे रंगवावयाची भिंत आधीं धुवून इस्त्री करण्यासारखें आहे. प्रश्न उत्पन्न होतो तो जॉब सोडून पुन्हां धरला म्हणजे. पहिल्या पकडींत कांतलेली बाजू दुसऱ्या पकडींत अक्षरेषेवर आली आहे कीं नाहीं, हें विचारण्यासाठीं डायल आहे. शाफ्ट दोन सेंटरांमध्यें धरून कांततात तें याचसाठीं. त्याच्या दोन्ही तोंडांवरचीं सेंटरचीं भोकें नीट राहिलीं तर तो दहा वेळां उतरवून चढविला तरी त्याच रेषेभोंवतीं फिरतो.

हें सारें मला पुस्तकांतून ठाऊक होतें, तरी एकदां मीं मोठी चूक केली. ती सांगितल्यावांचून हें भाषण अपुरें राहील.

एका लहान कारखान्यांत माझ्याकडे तपासणीचें काम होतें. पंपाच्या साठ शाफ्टांची मागणी होती. शाफ्ट सेंटरांमध्यें कांतून होत. मग एका टोंकाला आटे पाडण्यासाठीं ते दुसऱ्या लेथावर तीन जॉंच्या चकांत धरीत. त्या चकाला मऊ जॉ होते आणि ते जागेवरच बोअर केलेले होते, त्यामुळें तेथें आउट कधीं ०.०२ मिलिमीटरच्या पुढें जात नसे. शाफ्ट चकांत असतांनाच मी बेअरिंगच्या बैठकीवर डायल लावून तपासणी उरकून घेई. वेगळी तपासणी करावयाचा वेळ वांचे.

एका सोमवारीं कांटा सहा घरें डोलला. ०.०६! दुसरा शाफ्ट घेतला, सहा घरें. तिसरा, तेंच. दुपारपर्यंत मीं चौदा शाफ्ट नापास केले. नापास माल चांगल्यांत मिसळूं नये म्हणून तो करवतीनें कापून टाकण्याची तेथें पद्धत होती. ज्यानें ते शाफ्ट कांतले त्या वयस्क टर्नरचें नांव मीं नापासाच्या वहींत लिहिलें. तो नगावर मजुरी घेणारा माणूस. चौदा नगांची मजुरी त्याच्या पगारांतून जाणार होती. सर्व त्याला मामा म्हणत. मामा कांहीं बोलले नाहींत. तिसरा शाफ्ट करवतीवर गेला तेव्हां मात्र ते माझ्याजवळ आले.

"साहेब," ते म्हणाले, "पगार माझा कापा, पण शाफ्ट कशाला कापतां? लोखंडानं काय केलंय?"

कापणें थांबविण्याइतकी बुद्धि मला झाली, पण तेवढीच. सगळेच शाफ्ट सारखेच आउट दिसतात तर दोष लेथाच्या बेअरिंगांत असावा, असा मीं तर्क केला. दोन दिवस हेडस्टॉक उघडून बेअरिंगें आवळून घेतलीं. लेथ तापूं लागला, आउट होता तितकाच राहिला. मागणीची तारीख जवळ येत होती, आणि मालक दर तासाला येऊन उभे राहत.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मामा म्हणाले, "एक शाफ्ट धरूं का? डायल तुमची तुम्हीच बघा." त्यांनीं शाफ्ट धरला. उंच बाजू आली तेथें खडूनें शाफ्टावर एक खूण केली आणि समोरच्या जॉवर दुसरी. मग जॉ सैल करून शाफ्ट जागच्या जागीं अर्धा फेरा फिरविला आणि पुन्हां आवळला. शाफ्टावरची खूण आतां पलीकडे गेली होती. मीं चक फिरविला. कांटा पुन्हां सहा घरें डोलला, आणि त्याची उंच बाजू आली ती त्याच जॉच्या खुणेसमोर. शाफ्ट उलटा झाला तरी दोष जागचा हलला नव्हता. दोष शाफ्टाचा असता तर तो शाफ्टाबरोबर पलीकडे गेला असता.

"आतां जॉंच्या तोंडाशीं लावा," मामा म्हणाले. तेथें कांटा तीनच घरें डोलला. नंतर त्यांनीं चक उतरविला आणि मला डायल थेट स्पिंडलच्या नाकाडावर लावावयास सांगितली. कांटा अर्धें घरहि हलला नाहीं. ज्या बेअरिंगांसाठीं मीं दोन दिवस घालविले त्यांचा कांहींच अपराध नव्हता. मामांनीं स्पिंडलच्या बैठकीवरून बोट फिरविलें, एके ठिकाणीं थांबले, आणि नखानें कांहींतरी उचललें. चिरडून पातळ झालेला लोखंडाचा कीस होता तो.

मग हिशेब बसला. बैठकीचा व्यास १२० मिलिमीटर. कीस दबून राहिला होता सुमारें ०.०१५ मिलिमीटर, म्हणजे डबा बांधावयाच्या अॅल्युमिनियमच्या कागदाइतका. तेवढ्यानें चक १२० मिलिमीटरांत ०.०१५ इतका कलला. बैठकीपासून १२० मिलिमीटरांवर, जॉंच्या तोंडाशीं, मध्य ०.०१५ सरकला, डायल दुप्पट दाखविते, म्हणून तीन घरें. आणखी १२० मिलिमीटर पुढें, जेथें मी डायल लावीत असें, तेथें बरोबर सहा. दोष अंतराबरोबर वाढत होता, म्हणजे चक नुसता बाजूला सरकलेला नव्हता, कललेला होता. मीं पहिल्याच दिवशीं दोन ठिकाणीं डायल लावली असती तर हें दहा मिनिटांत समजतें.

आणि हें मीं वाचलेलें होतें! बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर यांनीं १९२७ सालीं यंत्रें पारखून घेण्याच्या परीक्षांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. नाझी राजवटींत १९३३ सालीं ते पकडले गेले, पुढें देश सोडून शेवटीं इंग्लंडांत राहिले आणि १९४९ सालीं तेथेंच वारले. लेथाच्या परीक्षेसाठीं ते स्पिंडलच्या भोकांत ३०० मिलिमीटर लांबीचा परीक्षादंड बसवावयास सांगतात, आणि डायल दोनदां लावावयास सांगतात: एकदां स्पिंडलच्या तोंडाशीं, तेथें ०.०१ पर्यंत चालेल, आणि एकदां ३०० मिलिमीटरांवर, तेथें ०.०२ पर्यंत. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतींत दंड काढून, थोडा फिरवून, पुन्हां बसवून वाचनें घ्यावयाचीं असतात, म्हणजे दंडाचा दोष लेथाच्या माथीं बसत नाहीं. मामांनीं शाफ्ट अर्धा फेरा फिरविला त्याचा हेतु दुसरा काय होता? त्यांनीं श्लेझिंगरांचें नांवहि ऐकलेलें नव्हतें.

यांत आणखी एक खोंच आहे. चकाचा दोष आणि शाफ्टाचा दोष एकाच दिशेला आले तर त्यांची बेरीज होते. समोरासमोर आले तर वजाबाकी. चकाचा आउट ०.०६ आणि शाफ्टाचाहि ०.०६ असा योग उलट दिशांनीं जुळला तर डायल शून्य दाखवील, आणि साफ वांकडा शाफ्ट पास होईल. म्हणून दोष येतो तेव्हांच नव्हे, तर वाचन फार चांगलें येतें तेव्हांहि, एकदां जॉब अर्धा फिरवून पाहण्याचें मला वळण लागलें.

कीस तेथें आला कसा, याचा शोध मीं मुद्दाम घेतला. शनिवारीं संध्याकाळीं एक निकडीचें काम आलें, तेव्हां चक उतरवून दुसरा चढवा आणि काम होतांच पहिला परत लावा, असा हुकूम सुटला होता. बैठक पुसावयासहि कोणास सवड मिळाली नाहीं. हुकूम माझा होता. चकाला मऊ जॉ असले म्हणजे तो उतरवून परत चढविल्यावर जॉ पुन्हां बोअर करून घ्यावयाचे असतात, हेंहि मीं सांगितलें नव्हतें.

बैठक रॉकेलनें धुतली, चक चढविला, जॉ बोअर करून घेतले, बेअरिंगें सैल करून पूर्वीसारखीं बसविलीं. नंतर राहिलेले अकरा नापास शाफ्ट मीं टेबलावर दोन सेंटरांमध्यें धरून एकेक तपासले. शाफ्ट ज्या भोकांवर कांतला त्याच भोकांवर फिरविला, मध्यें चक नाहीं कीं जॉ नाहीं. दहा शाफ्टांवर कांटा एका घराच्या आंत राहिला. एक खरोखर वांकला होता. कापलेल्या तिघांविषयीं कांहीं सांगतां येण्याजोगें उरलें नव्हतें.

वहींतील मामांच्या नांवापुढील चौदाचा आंकडा मीं खोडला आणि एक लिहिला. मामा म्हणाले, "तो एक माझाच. उचलतांना पडला होता." कापलेल्या तीन शाफ्टांची मजुरी त्यांना मिळाली, लोखंडाची किंमत मीं भरली. त्या दिवसापासून तपासणी सेंटरांवरच होऊं लागली, आणि चक चढवितांना बैठकीवरून फडक्यानें नव्हे तर तळहातानें पुसण्याची मामांची पद्धत साऱ्या कारखान्याला लागली. फडक्याला कीस चिकटून परत बैठकीवर बसतो, तळहाताला तो टोंचतो.